नानाकाका, तुमचं उत्तर द्यायचं राहिलं

नानाकाका, गेल्या शुक्रवारी इथे बहरीनला तुमची शोकसभा झाली आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तुम्हाला पुन्हा आमदार करून टाकलं. गुदैबियातल्या खानावळीच्या वरचा तो हॉल तुम्हाला ठाऊक आहे, तुमचा सत्कारही तिथेच झाला होता. बॅनरवर ‘आमदार’ हे चांगलं हातभर लांब आणि त्याच्या आधीचं ‘माजी’ इतकं बारीक की पुढच्या रांगेलाही दिसलं नसेल. सलीमभाईंना मी म्हटलं, "अहो, आमदारकी जाऊन किती वर्षं झाली. नंतर ते जिल्हा परिषदेत होते, शिक्षण सभापती होते. ते तरी लिहायचं." सलीमभाई आपल्याच तालुक्यातले, इथल्या आपल्या मंडळाचे कर्तेधर्ते. तुमच्यावर त्यांची माया खरी, म्हणूनच ऐकायला तयार नव्हते. म्हणाले, "ताई, आमदार तो आमदार. आता गेल्यावर माणसाला खाली कशाला उतरवायचा?"

मग मला बोलायला उभं केलं. पुतणी म्हणून. तुम्ही किती साधे होतात, एसटीने कसे फिरायचात, दारी आलेल्याला चहाशिवाय कसं जाऊ दिलं नाहीत, असलं सगळं बोलले. लोकांनी माना डोलावल्या. एका बाईंनी डोळे पुसले. जिना उतरताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्हाला लिहिताना हा शब्दप्रयोग बरा नव्हे, पण दुसरा सुचत नाही. तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर मी शेवटपर्यंत दिलं नाही, आणि माईकसमोर उभी राहून तुमच्या सरळपणाचे गोडवे गात होते.

उत्तराची सवय मला तुम्हीच लावली होती, म्हणून जास्त लागतं. तुम्ही निवडून आलात तेव्हा मी कॉलेजात होते आणि माझं अक्षर बरं होतं, एवढ्या पुण्याईवर तुम्ही मला पडवीत टेबल मांडून दिलंत. सकाळपासून माणसं यायची. कुणाच्या वाडीला विहीर नाही, कुणाची बदली, कुणाचा पोरगा दहावी होऊन घरी बसलेला. तुम्ही झोपाळ्यावर, मी टेबलाशी आणि आत काकूचा चहाचा टोप चुलीवर. तुम्ही सांगायचात आणि मी उत्तरं लिहायचे.

खाडीपलीकडचा एक म्हातारा आठवतो. मुलाला शिपाई म्हणून चिकटवा म्हणत होता. जागा नव्हती. मी आपलं लिहिलं, ‘आपल्या अर्जाचा जरूर विचार करू.’ तुम्ही वाचलंत आणि कागद परत माझ्यापुढे सरकवलात.

"विचार करणार आहोत का आपण?"

"नाही, पण बरं दिसतं."

"सुमे, तो बिचारा वर्षभर पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसेल. ‘नाही’ लिही. नाही म्हणायचं तर ताबडतोब म्हणावं, म्हणजे माणूस दुसरीकडे जायला मोकळा होतो."

मी तुमच्या वतीने किती ‘नाही’ लिहिले त्याची गणती नाही. कितीतरी माणसांनी नंतर येऊन सांगितलं, नाना, तुमचं आपलं बरं, लटकवत नाही. पुढच्या निवडणुकीत तुम्ही पडलात तेव्हा अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सगळं खापर त्या नकारांवर फोडलं. "तुझ्या भावाला साधं ‘बघतो’ म्हणता येत नाही," असं ते आईला ऐकवायचे, जसा काही तुम्ही तिचाच भाऊ. तुम्हाला ते कळलं तेव्हा पोट धरून हसलात.

पडल्यावर तुम्ही गप्प घरी बसाल असं सगळ्यांना वाटलं होतं. तेवढ्यात जिल्हा परिषदेच्या निवडणुका लागल्या आणि तुम्ही आपल्या गटातून अर्ज भरलात. माझं तोवर लग्न होऊन मी इथे आले होते. फोनवर तुमच्याशी कडाकडा भांडले, आठवतं? एका मिनिटाचा दर बघून विलास हाताने ‘पुरे पुरे’ खुणा करत होता. मी म्हटलं, आमदारकी केलेल्या माणसाने झेडपीला उभं राहायचं म्हणजे हेडमास्तरांनी पुन्हा बालवाडीत जाऊन बसायचं. तुम्ही म्हणालात, "विधानसभेत मी प्रश्न विचारायचो, मंत्री उत्तर द्यायचे आणि शाळेचं छप्पर गळतच राहायचं. इथे छप्पर गळलं तर लोक मलाच येऊन धरतील. ते मला आवडेल."

मला नाही आवडलं. मी इथे ऑफिसात, शेजारीपाजारी, ‘माझे काका आमदार आहेत’ असं सांगत आले होते आणि तुम्ही सभापती झाल्यावरही तेच सांगत राहिले. सुट्टीत गावी आले तेव्हा तुम्ही मला एका शाळेवर घेऊन गेलात. बाकावर उभे राहून, धोतराचा सोगा खोचून, कौलं कुठे सरकलीत ते काठीने दाखवत होतात. खाली मास्तर, गावकरी आणि मी. मला तेव्हा वाटलं, कुणी ओळखीचं बघत तर नाही ना. आज तुमची आठवण काढायची म्हटलं की तुम्ही त्या बाकावरच दिसता, विधानसभेतले कधीच दिसत नाही. शोकसभेत मात्र हे माझ्या तोंडून आलं नाही.

मग पुढच्या निवडणुकीच्या आधी आरक्षणाची सोडत निघाली आणि आपला गट बायकांसाठी राखीव झाला. तुमचा फोन आला. आवाज मी कधी इतका खूश ऐकला नव्हता. बाकीचे पुढारी डोकं धरून बसलेत म्हणालात, आता जो तो बायकोला उभी करेल आणि मागे बसून स्वतःच कारभार हाकेल. "एका बाईने तर सहीसुद्धा नवऱ्याला विचारून केली, माझ्यासमोर," असं सांगून तुम्ही ठसका लागेपर्यंत हसलात. आणि त्याच दमात म्हणालात, "तू ये. तू उभी राहा. तुझं सासर आपल्याच गटात, यादीत नाव आहे. पडवीतलं सगळं तुला ठाऊक आहे."

मी म्हटलं, "बघते."

तुमच्याकडे शिकलेली मी. एवढ्या लोकांना तुमच्या वतीने ‘नाही’ लिहून पाठवणारी. माझं उत्तर तेव्हाच ठरलेलं होतं. विलासची नोकरी इथे, प्राजक्ताची शाळा इथे, माझी स्वतःची नोकरी आणि गुदैबियातला हा फ्लॅट, जिथून किराण्याचं कोल्ड स्टोअर, भाजी, डॉक्टर सगळं पायी. मला गावी जाऊन लोकांच्या गळक्या छपरांखाली उभं राहायचं नव्हतं. पण तुमच्या आवाजातला तो आनंद मला मोडवेना, की तुमच्या नजरेतून उतरायची भीती वाटली? आज मनाला विचारलं तर ती भीतीच खरी निघते.

डिसेंबरात मंडळाने तुम्हाला सत्काराला बोलावलं. सलीमभाईंनी तुमचा आणि काकूचा व्हिजिट व्हिसा काढला. उत्तर समोरासमोर घ्यायचं म्हणून तुम्ही आलात, हे मला विमानतळावरच कळलं होतं. तुम्ही आठवडाभर आमच्याकडे होतात. रोज सकाळी खाली जाऊन इमारतीच्या नातूरला, त्या बंगाली वॉचमनला, मोडक्यातोडक्या हिंदीत विचारायचात, कचरा कोण उचलतं, नाही उचलला तर कुणाकडे जायचं, तुमचा मेंबर कोण. तो बापडा गोंधळून म्हणायचा, "साब, मेंबर मफी." मेंबरच नाहीत! वर येऊन तुम्ही मला म्हणालात, "मग रस्ता इतका स्वच्छ कसा?" आणि दिवसभर त्यावर विचार करत बसलात. काकू इथल्या हमूर माशाला नावं ठेवत होती. "दिसायला गोरा, चवीला काही नाही," असं म्हणून तिने स्वयंपाकघराचा ताबा घेतला आणि येताना आणलेलं कोकमाचं आगळ आणि मसाले ओट्यावर मांडले.

सत्काराच्या दिवशी बॅनरवर ‘माजी’सुद्धा नव्हतं. रंगवणारा मल्याळी होता, जागा पुरली नाही म्हणून पहिला शब्द त्याने गाळला, असं सलीमभाई सांगत होते. त्यांच्याकडे बघून मला तरी खरं वाटलं नाही. शाल-नारळ झाल्यावर तुम्ही उभे राहिलात आणि म्हणालात, "वर आमदार म्हणून लिहिलंय ते गृहस्थ पडले. लोकांनी पाडले. मी जिल्हा परिषदेतला माणूस आहे, शाळा बघतो. कुणाच्या गावातली शाळा गळत असेल तर जेवायच्या आधी मला सांगा." मग मागून खाडीपलीकडचे काही जण खरंच उठले आणि तुमच्याभोवती गोळा झाले. मी पहिल्या रांगेत भरजरी साडी नेसून खाली मान घालून बसले होते, कारण माझ्या बॉसची बायको शेजारी होती आणि तिला मी ‘एमएलए’ म्हणून सांगितलं होतं.

आणि मग ते दुपारचं जेवण. तुमचा जायचा आदला दिवस. विलास कामावर, प्राजक्ता शाळेत. टेबलाशी तुम्ही आणि मी. काकू तव्यावरून माशाच्या गरम गरम तुकड्या आणून वाढत होती. तुम्ही सरळच विचारलंत.

"सुमे, अर्ज भरायची तारीख जवळ आली. हो की नाही?"

"नानाकाका, प्राजक्ताची परीक्षा..."

"ती होईल. हो की नाही?"

"इंशाल्ला," मी हसून म्हटलं. इथे सगळे म्हणतात, मलाही सवय झालेली. पण देवाचं नाव मी त्या वेळी पळवाट म्हणून घेतलं, हे देवालाही कळलं असणार.

तुम्ही हसला नाहीत. भात कालवता कालवता म्हणालात, "मला एक अशी बाई हवी की जी स्वतःच्या डोक्याने बोलेल. मागे नवरा नको, भाऊ नको. तूच सांग, आपल्या अख्ख्या गटात आहे का अशी एक तरी?"

मी म्हटलं, "कुठली सापडायला!"

आणि आपण दोघंही त्यावर हसलो. काकूने तुमच्या ताटात आणखी एक तुकडी वाढली, मला विचारलं, "तुला गो?" मी नको म्हटलं. ती आत गेली.

नंतरचं तुम्हाला सांगायला नको. तुम्ही गेलात, मी फोन केला नाही. तुमचा एकदा आला, तेव्हा मी विलासला सांगितलं, आंघोळीला गेलेय म्हण. तुम्ही अर्जाच्या शेवटच्या दिवसापर्यंत थांबलात. मी ताबडतोब ‘नाही’ म्हटलं असतं तर तुम्हाला दुसरी कुणी शोधायला वेळ मिळाला असता. मग शेवटच्या दिवशी, पक्षाची माणसं पडवीत बसून राहिली तेव्हा, ज्याच्यावर तुम्ही ठसका लागेपर्यंत हसला होतात तेच तुम्हाला करावं लागलं. काकूचा अर्ज भरलात.

काकू निवडून आली. तुमच्या नावावर आली, असं सगळे म्हणाले, मीही म्हटलं. पुढचं मला सलीमभाईंकडून कळलं. ते सुट्टीत गेले होते, एका दाखल्यासाठी जिल्हा परिषदेत गेले तर तुम्ही सभागृहाबाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसलेले. "मी म्हटलं नाना, आत चला ना, बाकीच्या बायांचे नवरे आतच बसलेत. तर बोलले, नाही, मी आत बसणार नाही, आत ती आहे." पण थोड्या वेळाने शिपाई काकूपुढचे कागद घेऊन बाहेर आला. तुम्ही ते वाचलेत, कुठे सही करायची तिथे पेन्सिलीची बारीक खूण केलीत आणि परत पाठवलेत. सलीमभाई म्हणाले, "ताई, त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही मग. मानच वर केली नाही." ते मला हे बिचारे सहज सांगत होते. मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. त्या बाकावर तुम्हाला मी बसवलं होतं.

त्यानंतर आपलं बोलणं व्हायचं ते उकाड्याबद्दल. तुम्ही विचारायचात, तिकडे किती आहे? मी सांगायचे, आमच्याकडे दमट फार. प्राजक्ता कितवीत गेली? तुमचा दम्याचा त्रास कसा आहे? तुम्ही एकदाही त्या प्रश्नाचं नाव काढलं नाहीत. चिडला असतात तर बरं झालं असतं. मी मनात म्हणायचे, पुढच्या सुट्टीत जाईन, पडवीत बसेन आणि सांगेन, नानाकाका, माझं तेव्हाच नाही होतं, तुमच्यासमोर तोंड उघडलं नाही. ती सुट्टी मंजूर झाली आहे. तिकीटही काढलेलं आहे. तुम्ही थांबला नाहीत, आणि तुम्हाला दोष देणार कोण.

शोकसभेनंतर दोन दिवस मी काकूला फोन करायचं धाडस गोळा करत होते. काल केला. वाटलं होतं, ती रडेल, मी रडेन, तुमच्या आठवणी निघतील. फोन तिनेच उचलला. आवाज खणखणीत. म्हणाली, "बरं झालं तू केलास. मी आत्ताच आले जिल्ह्याहून. मीटिंग होती."

"मीटिंगला गेलीस? एवढ्यात?"

"तेराव्यानंतर घरात बसून काय करू? गेले. शिपायाने सवयीने कागद उचलले आणि निघाला बाहेर. दारापर्यंत गेला आणि थांबला. बाहेर बाकावर कोण असणार? मला म्हणाला, बाई, आता हे कुठे नेऊ? म्हटलं, कुठे नको नेऊस, ठेव इथेच. मला वाचता येतं."

मग तुम्हाला सांगायचं ते सगळं मी तिलाच सांगून टाकलं. म्हटलं, काकू, ती जागा नानाकाकांनी मला विचारली होती. मी वेळेवर नाही म्हटलं नाही. माझ्यामुळे त्यांना तुला उभं करावं लागलं, माझ्यामुळे ते त्या बाकावर बसले, माझ्यामुळे तुझ्या गळ्यात हे पडलं. मला तुझ्यापुढे आणि त्यांच्यापुढे फार लाज वाटते.

ती ऐकून घेत होती. मागे कुणीतरी भांडी आदळत होतं, तिला तिने "हळू गो" म्हटलं. मग मला म्हणाली, "ठाऊक आहे मला. त्यांनी तुला विचारलं तेव्हा मी तिथेच होते. वाढत होते."

नानाकाका, मी इतका वेळ माझ्या न दिलेल्या उत्तराची लाज घेऊन बसले होते. ते जेवण कितीदा आठवलं, तुमचा भात कालवणारा हात, माझं ते हसू, इंशाल्ला. काकूच्या हातातला कालथाही आठवत होता. पण ती बाई म्हणून माझ्या आठवणीत नव्हतीच. ‘अख्ख्या गटात आहे का अशी एक तरी’ हे तुम्ही तिच्या देखत विचारलंत, ‘कुठली सापडायला’ हे मी तिच्या देखत म्हटलं, आणि वर तिने वाढलेलं जेवलो. तुमच्या पडवीतल्या प्रत्येक माणसाचं गाऱ्हाणं तिने चहा देता देता ऐकलं होतं, तुमच्याइतकंच आणि माझ्याहून कितीतरी जास्त वर्षं. तुम्ही मला विचारायला समुद्र ओलांडून आलात. तिला विचारायला स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडायचा होता, आणि मीही तो दाखवला नाही.

आज तुमच्या नियमाप्रमाणे उत्तर देते. माझं नाही आहे. तेव्हाही होतं. तुम्ही आता दुसरीकडे जायला मोकळे आहात, आणि दुसरीकडे म्हणजे कुठे हे मी सांगायची गरज उरलेली नाही. या बाबतीत आपण दोघं एका माळेचे मणी निघालो, ही लाज तुमच्याबरोबर वाटून घेते. एकटीला पेलवली नसती.

काकूला मी विचारलं, "तू तेव्हाच का बोलली नाहीस?"

"मला कुणी विचारलं होतं?" ती म्हणाली. रागाने नाही, मिठाचा डबा कुठे ठेवलाय ते सांगावं तसं. मग म्हणाली, सुट्टीत ये, त्या खाडीपलीकडच्या शाळेला जायचंय मला, बरोबर चल, पण मागून चाल आणि मधे मधे बोलू नकोस.

मी म्हटलं, "काकू, मला माफ कर. नानाकाकांनाही कर. आम्ही दोघंही चुकलो."

"बघते," म्हणाली, आणि फोन ठेवला.